मुंबई ते शिकागो किती तास? जिंतूरच्या घरापासून मोजू

ताई, तुमचं म्हणणं असं की मुंबई ते शिकागो अंतर १२,९५० किलोमीटरच्या आसपास दाखवतंय, विमान तासाला ९०० नं जातं असं सगळीकडं लिहिलेलं आहे, म्हणजे साडेचौदा तासात पोचायला पाहिजे, मग तिकिटाच्या साइटवर २१ तासांपासून ३४ तासांपर्यंत आकडे कामून येतात आणि त्यातला खरा कोणता. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय की आईबाबा जिंतूरहून पहिल्यांदाच आणि एकटेच येणार आहेत, आईंना शुगर आहे, बाबांचे गुडघे दुखतात. मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. किलोमीटरचं सांगतोच, ते समजून घेण्यासारखं आहे, पण तिकीट त्यावर ठरवू नका.

मी परभणीत बावीस वर्षं तिकिटांचं काम करतो. सुरुवातीला रेल्वे आणि ट्रॅव्हल्सच्या बशी, मग आखाताकडं कामाला जाणारी पोरं, मग शिकायला जाणारी लेकरं, आणि आता त्या लेकरांचे आईबाप. लेकीचं बाळंतपण, पोराचं नवीन घर, नातवाची मुंज, काही ना काही निमित्तानं म्हातारी माणसं निघायलेत, आणि त्यातली निम्मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. त्यामुळं मी जे सांगतो ते अशा माणसांना धरून सांगतो. तुमच्यासारख्या तरण्या माणसाला यातल्या अर्ध्या गोष्टी लागणार नाहीत.

आधी अंतर. १२,९५० हा आकडा बरोबर आहे, पण ती पृथ्वीच्या गोळ्यावरून काढलेली सगळ्यात जवळची रेघ आहे. आपल्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला लांब पडते, म्हणून वाटतं विमान मुंबईहून सरळ पश्चिमेला अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक असं जात असेल. तसं नाही. घरात एक मोसंबी घ्या, तिच्यावर दोन ठिपके काढा आणि एक दोरा ताणून धरा, दोरा आपोआप वरच्या बाजूनं वळून जातो. मुंबई-शिकागोचा ताणलेला दोरा मुंबईतून जवळजवळ उत्तरेलाच निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग रशिया, आर्क्टिकचा बर्फाळ भाग, ग्रीनलंड आणि कॅनडावरून खाली शिकागोला उतरतो. मी दुकानात खरंच मोसंबी ठेवतो, जालन्याकडची असते, आणि काकालोकांना ते एकदा दाखवलं की नकाशाचा घोळ लगेच सुटतो.

आता हा दोरा ज्या देशांवरून जातो तिथून जायला मिळतंच असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. आपल्या भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत बंद झालं. दिल्लीहून अमेरिकेला सलग जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना त्यामुळं एवढा वळसा पडायला लागला की मध्ये विएन्नाला उतरून तेल भरून पुढं जावं लागलं. तिकीट तेच, विमान तेच, पण वेळ वाढली. २३ जून २०२५ ला तर कतारनं आपलं आकाश काही तास पूर्ण बंद ठेवलं होतं. म्हणून अंतराचा आकडा म्हणजे नुसतं एक टोक समजा, विमान त्याच्यापेक्षा कमी उडू शकत नाही एवढंच. किती जास्त उडेल हे त्या दिवशीच्या आकाशावर.

दुसरं, ९०० चा वेग. हा वेग हवेत आहे, जमिनीवरचा नाही, आणि लोकं नेमकी इथंच फसतात. विमान ज्या उंचीवरून जातं, साधारण १० ते १२ किलोमीटर, तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, तासाला २०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि हिवाळ्यात जास्तच जोर असतो. सगळा रस्ता काही वाऱ्यात जात नाही, पण समजा सरासरी १०० चा वारा समोरून लागला तर ९०० चे ८०० झाले, १३,००० किलोमीटरला सव्वासोळा तास. तोच वारा पाठीमागून आला तर १,००० झाले आणि १३ तासात काम झालं. अंतर तेच, विमान तेच, सव्वातीन तासाचा फरक. म्हणून तुम्हाला अमेरिकेहून भारताकडं येतानाचे तास बहुतेक वेळा कमी दिसतात. कुणी तुम्हाला फसवत नाहीये.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं, म्हणजे पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं, सुमारे १५,३०० किलोमीटर. १,४०० किलोमीटर जास्त, म्हणजे आपल्या परभणीहून मुंबईला रेल्वेनं जाऊन परत येऊन वर थोडं, आणि तरीही विमान जवळजवळ दोन तास लवकर पोचलं, साडेचौदा तासात, कारण वारा पाठीशी होता. मला कुणी म्हणलं की साहेब अंतर कमी असलेलं विमान द्या, की मी ही गोष्ट सांगतो.

आणि ९०० हा वेग वर गेल्यावरचा आहे, चढताना-उतरताना तेवढा नसतो. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई विमानाचं सरळ अंतर २८० किलोमीटर आहे, ९०० नं भागलं तर वीस मिनिटंसुद्धा येत नाहीत, पण वेळापत्रकात तासाभराच्या आसपास धरलेले असतात. कारण तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून समोरच्या विमानतळावर जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंत. रनवेकडं जाणं, रांगेत थांबणं, मुंबईवर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. लांबच्या विमानाला या अर्ध्या-पाऊण तासाचं काही वाटत नाही, जवळच्याला वाटतं.

आता मुद्द्याचं. मुंबईहून शिकागोला जाताना माणसं साधारणपणे मध्ये एक थांबा घेऊन जातात. आणि इथं बघा किती गंमतशीर हिशोब होतो. मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७० किलोमीटर आणि फ्रँकफर्ट-शिकागो ६,९७० किलोमीटर, दोन्ही मिळून १३,५४०. दोहावरून गेलात तर मुंबई-दोहा २,२९० आणि पुढं दोहा-शिकागो ११,४६०, मिळून १३,७५०. अबुधाबीवरून गेलात तर १३,६६० च्या आसपास. म्हणजे सलग रेघेपेक्षा फक्त सहाशे ते आठशे किलोमीटर जास्त, विमानाला तासाभराच्या आत बाहेरचं काम. युरोपातून जा नाहीतर आखातातून जा, हवेतले तास कुठूनही अठरा-साडेअठराच्या जवळपास भरतात. मग तुम्हाला २१ आणि ३४ जे दिसतात त्यातला फरक कुठून आला? तो सगळा जमिनीवरचा आहे. २१ वाल्यात थांबा अडीच-तीन तासांचा आहे, ३४ वाल्यात एक तर पंधरा तासांचा थांबा आहे नाहीतर दोन थांबे आहेत. विमानं तेवढीच उडायलेत, तुमचे आईबाबा खुर्चीवर किती वेळ बसणार हे बदलतंय.

तर इथपर्यंतचं असं धरा की अंतरानं फार फार तर तासाभराचा फरक पडतो, वाऱ्यानं आणि बंद आकाशानं दोन-तीन तासांचा, आणि थांब्यानं दहा-बारा तासांचा. आपल्या हातात फक्त शेवटचा आहे. त्याच्यावरच डोकं लावायचं.

थांबा किती असावा? माझ्या अनुभवात पहिल्यांदा जाणाऱ्या आणि व्हीलचेअर लागणाऱ्या माणसांना तीन ते चार तास. कंपन्या सव्वा-दीड तासाचा थांबासुद्धा विकतात, कागदावर ते चालतं, तरणा माणूस पळत जाऊन पकडतोही. पण व्हीलचेअरवाली माणसं विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, अर्धा तास तिथंच जातो, मग परत तपासणी, मग पुढचं गेट दुसऱ्या टोकाला. आई घाबरून जातात आणि एवढी धावपळ करून शुगर खाली जाते. दुसऱ्या बाजूला आठ-दहा तासांचा थांबा स्वस्त दिसतो पण गुडघ्याच्या माणसाला लोखंडी खुर्चीवर दहा तास म्हणजे शिक्षा आहे, ते पैसे वाचवू नका.

थांबा कुठं असावा हे परिस्थितीवर आहे आणि इथं मी एकच एक उत्तर देऊ शकत नाही. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी प्रवासाचे दोन जवळजवळ सारखे तुकडे पडतात, नऊ-सव्वानऊ तास आणि परत नऊ-साडेनऊ. गुडघ्यांना हे बरं, मध्येच पाय मोकळे होतात. आखातातून गेलं तर आधी साडेतीन तास आणि मग एकदम साडेचौदा-पंधरा तासांचा तुकडा, तो जड जातो. पण आखातातल्या विमानतळावर कुणालाही हिंदीत विचारता येतं, झाडू मारणाऱ्यापासून काउंटरवाल्यापर्यंत हिंदी समजणारी माणसं सापडतात, आणि ज्या माउलीनं कधी इंग्रजी बोललं नाही तिला याचा आधार किती मोठा असतो हे मी बघितलंय. बाबांना थोडं इंग्रजी येत असेल आणि गुडघे जास्त त्रास देत असतील तर युरोप. दोघांनाही भाषेची भीती असेल तर आखात. तुमच्या आईबाबांना तुम्ही ओळखता, हे तुम्हीच ठरवायचं. व्हिसाचा मुद्दा म्हणाल तर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी ट्रान्झिट व्हिसाचा, म्हणजे मधल्या विमानतळावर थांबायच्या परवानगीचा, प्रश्न सुटतो, पण हे नियम बदलत राहतात, तिकिटाचे पैसे भरायच्या आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

अबुधाबीची एक गोष्ट वेगळी आहे ती सांगून ठेवतो. तिथं जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या तिथंच होतं, म्हणजे शिक्का, प्रश्न, बोटांचे ठसे सगळं अबुधाबीला आणि शिकागोला उतरल्यावर देशातल्या देशात आल्यासारखं बाहेर. ऐकायला फार छान वाटतं, आणि आहेच, पण मग तिथला थांबा तीन तासांच्या खाली अजिबात घेऊ नका, कारण ती रांग थांब्यातच उभी राहायची असते. आणि अधिकारी प्रश्न विचारतो तेव्हा तुम्ही बाहेर उभ्या नसता, फोनवरही नसता. काही आईबाप त्याला घाबरतात.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. थांबा अमेरिकेत घेऊ नका. म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क आणि मग न्यूयॉर्क ते शिकागो असं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी नको. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं पाय टेकतो तिथं इमिग्रेशन करावं लागतं, आपल्या बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवून घ्याव्या लागतात, कस्टम्समधून काढून परत पुढच्या विमानासाठी द्याव्या लागतात, परत तपासणी, कधी टर्मिनल बदलायचं. हे सगळं सोळा तासांच्या प्रवासानंतर, डोळ्यांवर झोप असताना, दोन-दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या. शेवटचा तुकडा थेट शिकागोचाच पाहिजे. म्हणजे इमिग्रेशन झालं, बॅगा घेतल्या, की दाराबाहेर लेक उभी. मधल्या कुठल्याही गोंधळापेक्षा हे बरं.

आणि दोन वेगळी तिकिटं जोडू नका. हे माझ्या हातून झालेलं आहे म्हणून सांगतो. २०१२ साली वसमतच्या एका जोडप्याला मी एका कंपनीचं पहिलं आणि दुसऱ्या कंपनीचं पुढचं तिकीट काढून दिलं, बावीस हजार रुपये वाचत होते, मुलगाही खूश. मधला थांबा पाच तासांचा ठेवला होता, मला वाटलं भरपूर झाला. पहिलं विमान मुंबईतच साडेतीन तास उशिरा सुटलं. वेगळी तिकिटं असल्यामुळं बॅगा पुढं आपोआप जात नाहीत, त्या बाहेर जाऊन घ्याव्या लागतात, आणि बाहेर जायला त्या देशाचा व्हिसा नव्हता. दुसरं विमान गेलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी ते दोघं आलेच नाहीत, तिकीट वाया. सतरा तास ती दोघं तिथं बसून होती, काकांच्या बीपीच्या गोळ्या बॅगेत, आणि मी इथं रात्रभर फोनवर. नवीन तिकिटांचे पैसे मी आणि मुलानं मिळून भरले. काकू नंतर दुकानात आल्या, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, उलट तुम्ही रात्रभर जागलात म्हणाल्या. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून म्हाताऱ्या माणसांना एकाच पीएनआरवरचं, म्हणजे एकाच बुकिंग नंबरातलं तिकीट, मग पहिलं विमान उशिरा झालं तरी पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते आणि बॅगाही शेवटपर्यंत जातात.

आता तास मोजायचे कसे, कारण साइटवरच्या वेळा वाचताना भलेभले चुकतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. समजा मुंबईहून १० जुलैला पहाटे २ वाजता निघालं आणि शिकागोला १० जुलैलाच दुपारी ३ वाजता पोचलं. बघणारा म्हणतो वा, तेरा तासात पोचले. नाही. उन्हाळ्यात शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं, तिथं दुपारचे ३ म्हणजे परभणीत ११ जुलैच्या पहाटेचे दीड. म्हणजे साडेतेवीस तास झाले. हेच विमान याच वेळांना जानेवारीत असेल तर फरक साडेअकरा तासांचा, म्हणजे साडेचोवीस तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं आणतात, आपण करत नाही. येताना उलटं. शिकागोहून १० तारखेला संध्याकाळी ६ ला निघालं आणि मुंबईला ११ तारखेला रात्री ११.५५ ला उतरलं, तर दिसताना पाच मिनिटं कमी तीस तास दिसतात, त्यातून साडेदहा काढा, एकोणीस तास पंचवीस मिनिटं.

मी बाबालोकांना सांगतो की हातातलं घड्याळ बदलूच नका, परभणीचीच वेळ राहू द्या. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो, ती विमान पकडायला. मनगटावरची वेळ औषधाला आणि घरी काय वाजले हे कळायला. यानं फार फरक पडतो, डोकं शांत राहतं.

तारखेचं एक. आपल्याकडून लांबची बरीच विमानं रात्री १२ नंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००.४० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ११ तारखेच्या रात्री जेवून विमानतळावर जायचं. सेलूचं एक कुटुंब १२ तारखेला रात्री पोचलं, विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. तेव्हापासून मी तिकिटाच्या प्रिंटवर लाल पेनानं लिहून देतो, अमुक वारी संध्याकाळी ७ वाजता विमानतळावर असायचं, वाराचं नाव घालून. तुम्हीपण वार सांगा आईबाबांना, तारीख नका सांगू. आणि आता नवी मुंबईचं विमानतळही चालू झालंय, तेव्हा कुठल्या विमानतळावरून आहे हे नीट बघा, नाहीतर गाडीवाला सवयीनं जुन्या विमानतळावर, सहारला नेऊन सोडेल.

आता तुम्ही विचारलंच नाही ते, जिंतूर ते मुंबई. माझ्या मते प्रवासातला सगळ्यात दमवणारा भाग हाच आहे आणि तो कुठल्याच साइटवर दिसत नाही. जिंतूरहून परभणीला तासभर, परभणीहून मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटर, देवगिरी किंवा नंदीग्राम पकडली तर एक अख्खी रात्र. सकाळी मुंबईत उतरायचं आणि विमान रात्री उशिरा. तो मधला दिवस स्टेशनवर नाहीतर विमानतळाच्या बाहेर काढणारी माणसं मी बघितलीत, आणि मग ती विमानात बसायच्या आधीच अर्धी संपलेली असतात. कल्याण-ठाण्याकडं कुणी पाहुणे असतील तर तिथं नाहीतर विमानतळाजवळ एक खोली घ्या, दुपारी दोन तास आडवं होऊ द्या, आंघोळ होऊ द्या. हे दोन-तीन हजार तुमच्या सगळ्या तिकिटातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे असतील. त्याच दिवशी पोचणारी गाडी ठेवू नका, म्हणजे संध्याकाळी मुंबईत पोचून रात्री विमान असं. मनमाडच्या पुढं गाडी कुठं किती थांबेल याचा भरवसा नाही आणि पावसाळ्यात तर कसारा घाटाचं सांगताच येत नाही.

समृद्धी महामार्गानं जायचं असेल तर जालन्याला जाऊन चढता येतं, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, घाटातली ती जुनी कोंडी टळते. पण गुडघ्याच्या माणसाला आठ-दहा तास गाडीत बसवून लगेच विमानात बसवू नका. संभाजीनगरहून मुंबईचं विमान हा पर्याय बघा, ते पुढच्या तिकिटाला जोडून मिळत असेल तर उत्तमच, बॅगा तिथूनच जातात. नाहीतर हैदराबाद. मुंबईपेक्षा आपल्याला ते जवळ आहे, देवगिरी उलट्या दिशेनं सिकंदराबादलाच जाते, आणि हैदराबादहून दोहा, दुबई, अबुधाबीला रोज विमानं आहेत. नांदेड, देगलूर, उदगीरकडची माणसं मी आता जास्त करून हैदराबादवरूनच पाठवतो. मराठवाड्यातल्या माणसाच्या डोक्यात परदेश म्हणलं की मुंबईच येते, ती सवय आहे, हिशोब नाही. दिल्लीवरून जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा, धुक्यानं तिथली विमानं अडकतात आणि पुढचं विमान हुकतं.

तर तुमच्या आईबाबांचा खरा आकडा काढू. जिंतूर ते मुंबई बारा-तेरा तास, मुंबईत विश्रांती आणि विमानतळ मिळून चौदा-पंधरा, विमानं आणि थांबा बावीस, शिकागोला इमिग्रेशन आणि बॅगा दोन, तुमच्या घरापर्यंत एक. पन्नास तासांच्या पुढं जातंय. साडेचौदा तास मनात धरून बसाल तर तिसऱ्या रात्री आई गप्प का आहे, जेवत का नाही, याची तुम्हाला काळजी लागेल. पन्नास तास धरले तर तुम्ही दोन दिवस त्यांना नुसतं झोपू द्याल.

शुगरचं मी डॉक्टर नाही, पण एवढं माहीत आहे की पश्चिमेला जाताना दिवस साडेदहा-साडेअकरा तासांनी लांबतो, तर गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा कशा बसवायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणायला सांगा, तोंडी नको. इन्सुलिन खालच्या बॅगेत टाकायचं नाही, तिथल्या थंडीत गोठू शकतं, हातातल्या पिशवीत ठेवायचं आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. विमानातलं जेवण आपल्या वेळेला येत नाही, म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हातातल्या पिशवीत द्या, दोन दिवस टिकतात. उरलेलं उतरण्याआधी संपवायचं नाहीतर कस्टम्सला प्रामाणिकपणे सांगायचं. ताजी फळं, बिया, रोपं नेऊ देऊ नका, आई बॅगेत कढीपत्ता लपवतात, तो निघतोच.

बाबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, पैसे लागत नाहीत. बरेच बाबा म्हणतात मला काही झालं नाही, मी चालतो, लोक काय म्हणतील. त्यांना सांगा की खुर्ची गुडघ्यासाठी नाही, रस्ता दाखवणाऱ्या माणसासाठी आहे. ढकलणारा माणूस थेट गेटवर नेऊन सोडतो, इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत राहतो, इंग्रजीचा अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. मी आईंच्या नावावरही नोंदवायला सांगतो, नाहीतर बाबा खुर्चीवर पुढं आणि आई मागं धावायलेत असं होतं. सीट रस्त्याकडची घ्या, खिडकीची हौस येताना भागवा. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या बाजूला चक्कर मारायची, पाणी पीत राहायचं. पाण्यानं सारखं उठावं लागतं म्हणून आया पाणी प्यायचंच टाळतात, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत बसून रक्ताची गाठ व्हायची भीती असते. हे आईला फोनवर तुम्ही सांगा, आमचं ऐकत नाहीत.

शेवटी मी प्रत्येकाला एक कागद देतो, एका बाजूला मराठीत आणि मागं तेच इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. पहिलं विमान कुठलं, कुठं उतरायचं, पुढचं कुठलं, मध्ये किती तास, लेकीचं नाव, फोन, पत्ता, किती दिवस राहणार, परतीची तारीख, औषधांची नावं. काही अडलं तर बोलायचं नाही, कागद पुढं करायचा. तो कागद स्वेटरच्या खिशात, पासपोर्टच्या पाकिटात नाही, कारण पाकीट सारखं दुसऱ्याच्या हातात जातं.

तारखा नक्की झाल्या की दोन-तीन पर्याय जसेच्या तसे सांगा, विमानाच्या नंबरासकट आणि थांब्याच्या वेळांसकट. प्रत्येकाचे जिंतूरच्या दारापासून तुमच्या दारापर्यंतचे तास मी काढून देतो. आणि आईंना नुसत्या गोळ्या आहेत की इन्सुलिन, तेही लिहा, थांबा फ्रँकफर्टला घ्यायचा की अबुधाबीला हे त्यावरून थोडं बदलेल.